आईचा गुडघा बदलायचा नागपूरला, पण चालायचं गावात: तयारी कशी करायची

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. आई ६६ वर्षांच्या, आर्णी तालुक्यातलं गाव, दोन्ही गुडघे झिजलेले पण उजवा जास्त, नागपूरच्या सर्जनने उजवा आधी बदलायचं सांगितलंय आणि दिवाळीनंतर लगेचची तारीख दिलीय. तुम्ही चाकणला कंपनीत, गावी बाबा आणि भाऊ-वहिनी, आणि बहीण नागपुरात दुसऱ्या माळ्यावर भाड्याच्या घरात. तुम्ही विचारलंय की किती दिवस नागपूरला ठेवायचं, गावी कधी न्यायचं, आणि घरात काय काय बदलावं लागेल. मी फिजिओथेरपिस्ट आहे, यवतमाळ जिल्ह्यातच बरीच वर्षं काम करतोय, माझे बरेचसे पेशंट असेच असतात, म्हणजे ऑपरेशन नागपूर, सावंगी नाहीतर सेवाग्रामला आणि नंतरचे सगळे महिने खेड्यात. म्हणून जरा सविस्तर लिहितो, थोडं लांबेल.

आधी एक गोष्ट सांगतो, बाकी सगळं त्याच्याभोवतीच आहे. ऑपरेशनची तारीख पक्की करायच्या आधी आई ज्या घरात परत येणार ते घर तयार आहे का आणि पहिले सहा आठवडे त्यांच्याजवळ कोण थांबणार हे ठरवा. आपल्याकडे लोक सर्जन कोण, इम्प्लांट म्हणजे आत बसवायचा कृत्रिम सांधा कुठला, खर्च किती यात महिनाभर घालवतात आणि घरी आल्यावर पहिल्याच दिवशी लक्षात येतं की संडासला बसायची सोय नाही. सर्जनचं काम दीड-दोन तासांचं असतं, ते बहुतेक ठिकाणी चांगलंच होतं. गुडघा सरळ होतो की नाही, वाकतो की नाही, हे पुढच्या सहा ते बारा आठवड्यांत घरीच ठरतं.

त्यामुळे तारखेपासूनच सुरुवात करू. दिवाळीनंतर लगेच म्हणजे ऐन कापूस वेचणीत. वहिनी वावरात, भाऊ वावरात, बाबा राखणीला, घरी आई एकट्या आणि वॉकर. आईला बाथरूमला न्यायला, बर्फ लावायला, व्यायाम करून घ्यायला माणूस लागतं आणि त्या दिवसांत गावात मजुरीनेही माणूस मिळत नाही. दुखणं अगदीच सहन होण्यापलीकडे नसेल तर माझं मत असं की जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत करा. वेचणी उरकत आलेली असते, थंडी ओसरलेली असते, आणि एप्रिलचं ऊन तापायच्या आत आई काठीवर आलेल्या असतील. एप्रिल-मे मध्ये मुद्दाम करू नका, आपल्याकडचं ४५ च्या वरचं तापमान, घाम, वीज जाणं, पाणी कमी पडणं, यात सूजही त्रास देते आणि जखम कोरडी ठेवणंही अवघड जातं. पावसाळ्यात चिखल आणि निसरडं अंगण, वॉकरवाल्या माणसासाठी तेही वाईट. ही घाईची शस्त्रक्रिया नाही, दोन-तीन महिने पुढे गेली तर बिघडत नाही, उलट तो वेळ तयारीला मिळतो.

आता त्या तयारीबद्दल. पहिलं म्हणजे रक्त. आपल्या भागातल्या बायांचं हिमोग्लोबिन नऊ-साडेनऊ असणं फार कॉमन आहे, आणि ऑपरेशनमध्ये रक्त जातंच. बहुतेक डॉक्टर अकरा-बाराच्या खाली असेल तर आधी वाढवायला सांगतात, आणि गोळ्यांनी ते वाढायला महिना-दीड महिना लागतो, म्हणून आत्ताच तपासा. त्यासोबत सिकलसेलची, म्हणजे तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली नसेल तर करून घ्या. विदर्भात काही समाजांत हे प्रमाण बरंच आहे आणि कित्येकांना साठ वर्षांपर्यंत माहीतच नसतं की आपण वाहक आहोत. ऑपरेशनच्या वेळी मांडीला पट्टा आवळून रक्त थांबवतात, त्यामुळे भूल देणाऱ्या डॉक्टरला हे आधी माहीत असायलाच पाहिजे. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. शुगर असेल तर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ही टेस्ट करा, साडेसात-आठच्या आत आणा, नाहीतर जखम चिघळायचा धोका वाढतो.

दुसरं तंबाखू. आई खर्रा खातात का, की नुसती तंबाखू मळतात, की दात घासायला गुल लावतात, हे स्पष्ट विचारा, कारण बाया डॉक्टरसमोर सांगत नाहीत आणि डॉक्टर पुष्कळदा फक्त बिडी-सिगारेटचं विचारतात. निकोटिनने त्वचेचा रक्तपुरवठा कमी होतो आणि गुडघ्यावरची जखम भरायला तोच रक्तपुरवठा लागतो. ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी पूर्ण बंद, आणि नंतरही जखम भरेपर्यंत बंद. हे सगळ्यात अवघड काम आहे, मला कल्पना आहे, पण याच्यावर जोर द्या.

तिसरं त्वचा आणि दात. गुडघ्यावर बिब्बा लावला असेल, डाग दिला असेल, शेकून शेकून कातडी काळी पडली असेल तर ते सर्जनला आधीच दाखवा. मी असे पेशंट बघितलेत की अ‍ॅडमिट झाल्यावर गुडघ्यावरचा बिब्ब्याचा ताजा फोड दिसला आणि ऑपरेशन पुढे ढकललं, गाडीभाडं वाया, सुट्ट्या वाया. आता महिना-दोन महिने आधीपासून गुडघ्यावर बिब्बा नाही, गरम वीट नाही, कसलाही लेप नाही. टाचांच्या भेगा, बोटांमधल्या चिखल्या, नखाच्या कडेचा पू, किडलेला दात, लघवीला जळजळ, हे सगळं आधी बरं करून घ्यायचं कारण तिथले जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत जाऊ शकतात आणि कृत्रिम सांध्याला जंतू चिकटले तर काढणं महाकठीण.

गेल्या तीन महिन्यांत गुडघ्यात इंजेक्शन घेतलं असेल तर तेही सांगा, स्टेरॉइडच्या इंजेक्शननंतर साधारण तीन महिने थांबतात. आणि कोणाकडून सांधेदुखीच्या पुड्या आणून खात असतील तर पुडीच घेऊन जा डॉक्टरकडे. काही पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं आणि वर्षानुवर्षं ते खाल्लेल्या माणसाला भुलीच्या वेळी वेगळी काळजी घ्यावी लागते. रक्त पातळ करायची गोळी, बीपीची गोळी कधी थांबवायची, कोणती सकाळी घ्यायची, हे सर्जन आणि भूलतज्ज्ञ सांगतील तसंच करा, स्वतःच्या मनाने काही बंद करू नका.

व्यायाम मात्र आजपासून. आई पलंगावर पाय लांब करून बसल्या की मांडीचा पुढचा स्नायू आवळून गुडघा गादीवर दाबायचा, पाच आकडे म्हणेपर्यंत धरायचा, सोडायचा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. मग हात असलेल्या खुर्चीवरून उठ-बस. हा स्नायू ऑपरेशननंतर एकदम झोपल्यासारखा होतो, आधी जितका तयार असेल तितका लवकर जागा होतो. वॉकर आधीच आणा आणि आईला घरातल्या घरात आठवडाभर त्याच्यावर चालवा. उंची कशी बघायची तर आई सरळ उभ्या राहून हात खाली सोडल्यावर मनगटाची जी घडी येते तिथे वॉकरची मूठ आली पाहिजे. खालचे रबर झिजलेले नकोत. आधी शिकलेली बाई ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी घाबरत नाही, हा फरक मला दरवेळी दिसतो.

पैशाचं थोडक्यात. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा आणली, तेव्हा साध्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सेटची किंमत जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरली होती, नंतर थोडेफार बदल होत गेले. म्हणून बिलात इम्प्लांटची किंमत वेगळी लिहून मागा आणि इम्प्लांटचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावलेत का बघा, ते आयुष्यभर जपून ठेवायचे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून कुठल्या दवाखान्यात, कुठल्या अटीवर होतं हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, अ‍ॅडमिट व्हायच्या आधी विचारा, रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का हेही तेव्हाच बघा. रोबोटने करायचं म्हणून जास्तीचे पैसे सांगितले तर त्यासाठी वावर गहाण टाकू नका. साध्या पद्धतीने हात बसलेला सर्जन असेल तर आईचा गुडघा तितकाच छान चालेल. इम्प्लांट किती टिकतं हे सगळेच विचारतात. परदेशातल्या मोठ्या नोंदींवरून २०१९ मध्ये जे मांडलं गेलं त्यानुसार शंभरातले ऐंशीच्या वर गुडघे पंचवीस वर्षांनीही टिकून असतात, म्हणजे ६६ व्या वर्षी बदललेला गुडघा बहुधा जन्मभर पुरतो.

दवाखान्यातले दिवस सोपे असतात म्हटलं तरी चालेल. बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात, त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात, तीन ते पाच दिवसांत डिस्चार्ज. पहिल्या एक-दोन दिवसांत आई म्हणतील काहीच दुखत नाही, कारण भुलीचा आणि औषधांचा असर असतो. खरं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून सुरू होतं, नेमकं घरी जायच्या वेळी, आणि दहा-पंधरा दिवस चांगलंच राहतं. हे घरच्यांना आधी माहीत नसेल तर सगळे घाबरतात की काहीतरी बिघडलं.

आता नागपूरला किती दिवस. टाके किंवा पिना बाराव्या-चौदाव्या दिवशी काढतात. माझं मत, तुमच्या गावाहून नागपूर चार-साडेचार तास, त्यामुळे डिस्चार्जनंतर लगेच गावी नेऊन पुन्हा टाक्यांसाठी आणण्यापेक्षा टाके निघेपर्यंत नागपुरातच थांबवा. पण बहिणीच्या घरी दुसऱ्या माळ्यावर लिफ्ट आहे का? नसेल तर दोन जिने चढणं पहिल्या आठवड्यात शक्य असतं, फिजिओ शिकवतोच, पण रोज नाही. एकदा चढलं की टाके काढायलाच उतरायचं अशा हिशेबाने चालत असेल तर बहिणीकडे ठेवा, कारण पोरीच्या हातचं जेवण आणि बोलायला माणूस याला लॉज बरोबरी करू शकत नाही. फक्त तिच्याकडचा संडास इंडियन असेल तर कमोड खुर्ची आधी नेऊन ठेवा आणि दवाखान्यातून फिजिओ घरी येतील का ते विचारून घ्या. तिथे जमत नसेल तर दवाखान्याजवळ तळमजल्यावर खोली बघा, बुक करताना कमोड आहे ना एवढं एकच विचारू नका, बाथरूमच्या दारातून वॉकर आत जातो का तेही विचारा, पुष्कळ दारं इतकी अरुंद असतात की वॉकर आडवा करावा लागतो आणि तिथेच माणूस पडतं.

सोबत दोन माणसं ठेवा, पाळीपाळीने. रात्री झोप होत नाही पेशंटची, त्यामुळे सोबतच्याचीही होत नाही. एकटी बहीण नोकरी किंवा लेकरं सांभाळून हे पंधरा दिवस ओढू शकणार नाही. तुम्ही सुट्टी काढणार असाल तर ऑपरेशनच्या दिवसासाठी काढू नका, त्या दिवशी बाहेर बाकावर बसण्याशिवाय काही काम नसतं, गावी नेल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यासाठी राखून ठेवा.

या दिवसांत गावातलं घर तयार झालं पाहिजे. स्वच्छ भारतमधून बांधलेला संडास असेल तर त्यात खाली बसायचं भांडं आहे, तिथे आई सहा महिने तरी बसू शकणार नाहीत, आणि माझं ऐकाल तर पुढेही बसू नये. मध्ये भोक असलेली कमोड खुर्ची मिळते, ती त्याच भांड्यावर ठेवता येते, यवतमाळला सर्जिकलच्या दुकानात मिळेल. ती हलत नाही ना हे बाबांना बसवून बघा. भिंतीला एक लोखंडी दांडा पक्का ठोकून घ्या, उठताना धरायला. संडास अंगणाच्या टोकाला असेल तर रात्रीसाठी खोलीतच कमोड खुर्ची आणि खाली भांडं, लाजायचं काही कारण नाही. तिथपर्यंतच्या वाटेवर उजेड पाहिजे आणि वीज गेली तरी चालेल असा चार्जिंगचा दिवा पाहिजे.

बाज नको. बाज मध्ये खोलगट होते, माणूस त्यात रुततं, उठता येत नाही आणि गुडघा सतत वाकलेला राहतो. लाकडी दिवाण किंवा पलंग, त्याच्यावर कडक गादी, आणि उंची कमी असेल तर पायांखाली विटा पक्क्या बसवा. बसल्यावर गुडघा कमरेपेक्षा वर जाता कामा नये. खुर्ची हाताची, प्लास्टिकची हलकी नको. उंबरठे मोजून ठेवा, आईला वॉकर उचलून पलीकडे टाकावा लागेल, जिथे फार उंच आहे तिथे फळीचा उतार करा. सारवलेली जमीन ओली असताना वॉकरचं रबर सरकतं म्हणून त्या महिन्यात आईच्या वाटेवर सारवू नका किंवा पूर्ण वाळल्याशिवाय चालू देऊ नका. न्हाणीत स्टूल आणि खाली खरबरीत मॅट. शेळीची पिल्लं, कुत्रं, दोऱ्या, बारदाना, सगळं त्या खोलीतून बाहेर. वहिनी चुलीवर खाली बसून स्वयंपाक करत असतील तर करू द्या, पण आईने तिकडे मदतीला म्हणून बसायला जाऊ नये.

गावी नेताना गाडी अशी बघा की सीट खूप खाली नाही आणि खूप उंचही नाही. पुढची सीट पूर्ण मागे सरकवून पाठ थोडी टेकवा. आधी पाठमोरं बसवायचं आणि मग दोन्ही पाय आत घ्यायचे, सीटवर प्लास्टिकची पिशवी पसरली तर अंग सहज फिरतं, बसल्यावर पिशवी काढून घ्या. निघायच्या अर्धा तास आधी दुखण्याची गोळी. बुटीबोरी, वर्धा, कळंब, यवतमाळ असे टप्पे धरा, साधारण तासाला एकदा उतरून वॉकरवर दहा-वीस पावलं, आणि गाडीत बसल्या-बसल्या पंजे वर-खाली. हे पंजे हलवणं शोभेचं नाही, पोटऱ्यांमध्ये रक्त साचून गुठळी होऊ नये म्हणून आहे, आणि रक्त पातळ ठेवायचं औषध डॉक्टरांनी जितके दिवस सांगितलं तितके दिवस एकही चुकवू नका.

आता घरचे सहा आठवडे, आणि इथे मी सगळ्यात जास्त बोलणार आहे.

गेल्या वर्षी मला एका गावात बोलावलं होतं, ऑपरेशनला तीन आठवडे झालेल्या एका आजींना बघायला. घर चांगलं, पोरं काळजी घेणारी. आजी बाजेवर, गुडघ्याखाली गोधडीची घडी करून ठेवलेली, वरून पांघरूण, आणि नातीने सांगितलं आजीला असं ठेवलं की बरं वाटते, दुखत नाही. मी घडी काढली आणि टाचेखाली उशी ठेवली. गुडघा हवेत लटकला, खाली गेलाच नाही. हात घालून बघितलं तर गादी आणि गुडघ्याच्या मागच्या बाजूमध्ये माझी मूठ आरामात जात होती. मापलं तर जवळपास वीस अंश वाकलेलाच राहिला होता. आजी म्हणाल्या, "मले तर सगळे म्हनत होते का आराम कर." पुढे दोन महिने रडत-ओरडत व्यायाम करून तो गुडघा बऱ्यापैकी सरळ झाला, पण पूर्ण नाही, आजही त्या किंचित लंगडतात. ऑपरेशन उत्तम झालं होतं, एक्स-रे बघायला सुंदर होता.

म्हणून गुडघ्याखाली उशी कधीच नाही. उशी ठेवायचीच तर टाचेखाली ठेवा, म्हणजे गुडघा स्वतःच्या वजनाने खाली जातो. असं दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटं, दुखलं तरी. झोपताना पाय सरळ. गुडघा सरळ होणं हे वाकण्याइतकंच, मी तर म्हणेन वाकण्याआधीचं काम आहे, कारण वाकणं नंतरही थोडंफार मिळवता येतं, सरळ होणं सहा आठवड्यांत गेलं की परत आणायला जीव काढावा लागतो.

वाकवण्यासाठी दोन सोपे प्रकार. पलंगावर टाचेखाली गुळगुळीत प्लास्टिक ठेवून टाच कमरेकडे ओढायची, लागलंच तर पंजाला पंचा अडकवून हाताने ओढायची. दुसरा मला जास्त आवडतो, ओसरीत गुळगुळीत फरशी असेल तर आईला खुर्चीवर बसवा, पावलाखाली सुती फडकं, आणि पाऊल हळूहळू खुर्चीखाली मागे सरकवायचं, जिथे अडेल तिथे पाऊल तसंच टेकवून कंबर जरा पुढे सरकवायची आणि वीस आकडे थांबायचं. फरशीवर खडूने रोज रेघ मारा पाऊल कुठपर्यंत गेलं त्याची. आईला रेघ मागे जाताना दिसली की त्यांचा त्यांनाच हुरूप येतो, मी सांगून जे होत नाही ते ती रेघ करून घेते. साधारण दोन आठवड्यांत काटकोनाच्या आसपास वाकला पाहिजे, सहा ते बारा आठवड्यांत ११० ते १२० पर्यंत. सहा आठवड्यांनीही काटकोन होत नसेल तर वाट बघू नका, सर्जनला दाखवा, भूल देऊन गुडघा वाकवण्याचा उपाय असतो पण तो लवकरच, साधारण पहिल्या तीन महिन्यांत करायचा असतो.

गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी. "गोळ्या कमी खाल्ल्या पाहिजे" म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत गोळी चुकवली तर व्यायाम होत नाही आणि गुडघा आखडतो, डॉक्टरने लिहून दिलेलं वेळेवर द्या. या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, तर पाणी, पालेभाजी, आणि गरज पडली तर विचारून इसबगोल. जेवणात डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे वाढवा, माळकरी असतील तर डाळ-दूध-मोड आलेली कडधान्यं. आजारी माणूस म्हणून नुसती भाताची पेज देऊ नका, जखम भरायला प्रोटीन लागतं.

व्यायामानंतर बर्फ. घरी फ्रिज नसेल तर स्टँडवरच्या कोल्ड्रिंकवाल्याकडून रोज एक पिशवी बांधून घ्या, थर्मासमध्ये ठेवा. पंच्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, थेट कातडीवर नाही. त्या वेळी पाय छातीपेक्षा वर, आणि वर केलेला असतानाही आधार टाचेला, गुडघ्याला नाही. सूज तीन ते सहा महिने येत-जात राहते, चाललं की वाढते, झोपलं की कमी होते. गुडघा गरम लागणं, चीराच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटणं, चालताना टकटक आवाज, हे नॉर्मल आहे. झोप न लागणं, उगाच रडू येणं, "काहून केलं बापा हे" असं म्हणणं, हेही पहिल्या महिन्यात नॉर्मल आहे, आईवर चिडू नका.

भेटायला येणाऱ्यांचं काय करायचं ते घरच्यांनी ठरवा. आपल्याकडे सगळं गाव येतं आणि प्रत्येकजण दोन सल्ले देऊन जातं, त्यातला एक म्हणजे हलू नको आणि दुसरा मालिश कर. मालिशवाल्या बाईला घरात येऊ देऊ नका. पोटरी चोळली आणि तिथे गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. जखमेवर हळद, राख, तेल, झाडपाला काही नाही, चीर पूर्ण बंद होऊन खपल्या गळेपर्यंत पाणीसुद्धा डॉक्टर म्हणतील तेव्हाच.

आता हे नीट लक्षात ठेवा, कागदावर लिहून भिंतीला लावा. पोटरी एकदम सुजली, दाबल्यावर दुखते, तर त्याच दिवशी दवाखाना. दम लागला, छातीत दुखलं तर क्षणाचाही विचार न करता १०८ ला फोन आणि यवतमाळच्या मेडिकल कॉलेजचा दवाखाना. जखमेतून पाणी किंवा पू येतोय, लाली पसरतेय, ताप आणि गुडघ्याचं दुखणं अचानक वाढलंय, तर ज्याने ऑपरेशन केलं त्यालाच फोन करा, जखमेचा फोटो पाठवा. गावातल्या डॉक्टरकडून किंवा मेडिकलवरून अँटिबायोटिक घेऊन चार दिवस बघू, असं अजिबात करू नका. अर्धवट अँटिबायोटिकने वरची जखम बरी दिसते, आतला जंतू राहतो आणि नंतर तपासणीतही पकडता येत नाही, मग सगळा सांधा काढायची वेळ येऊ शकते. डिस्चार्ज घेतानाच रात्री-बेरात्री लागेल असा एक नंबर मागून घ्या.

सहा आठवड्यांची फेरतपासणी नागपूरला, तोपर्यंत बहुतेक जण काठीवर आलेले असतात, एसटीने जायला हरकत नाही पण चढायची पायरी उंच असते, चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. मधल्या काळात आठवड्यातून दोनदा तरी आर्णी किंवा यवतमाळला फिजिओकडे न्या, रोज जमणार नाही मला माहीत आहे, पण मोजमाप कुणीतरी करत राहिलं पाहिजे.

वावरात परत कधी, हे आई पहिल्याच दिवशी विचारतील. सपाट वाटेने चालत वावरापर्यंत जाणं साधारण तीन महिन्यांनी जमतं. उभ्याने कापूस वेचणं चार-सहा महिन्यांनी, दुसरा गुडघा कसा आहे त्यावर, आणि ओझं डोक्यावर घेऊन नाही. निंदण, म्हणजे उकिडवं बसून करायचं काम, ते आता सोडायचं, हे ऑपरेशनच्या आधीच आईला स्पष्ट सांगा आणि सर्जनच्या तोंडून ऐकवा. मांडी घालून बसणं काहींना जमतं, पण मी रोजची सवय म्हणून सांगत नाही. देवाला, पंगतीला खुर्ची मागायची, आता गावोगावी लोक मागतातच.

डाव्या गुडघ्याचं काय, दोन्ही एकदम करायचे का, असंही तुम्ही विचारलंय. सर्जनने एक-एक सांगितलंय ते तुमच्या घरासाठी बरोबर वाटतं मला. दोन्ही एकदम केले तर खर्च आणि सुट्ट्या वाचतात, पण उभं राहायला एकही चांगला पाय उरत नाही आणि पहिले पंधरा दिवस उचलायला दोन धडधाकट माणसं लागतात. हृदयाचा त्रास, कमी रक्त, सत्तरच्या वर वय असेल तर मी तो मार्ग सुचवतच नाही. उजवा सरळ आणि मजबूत झाला की निदान तीन महिन्यांनी डाव्याचं बघा. तोपर्यंत डाव्या मांडीचेही तेच व्यायाम रोज चालू ठेवा, आणि पुढे कधीही दात काढायचा झाला, पायाला गळू झालं, लघवीचं इन्फेक्शन झालं तर त्या डॉक्टरला आधी सांगा की गुडघा बदललेला आहे.